फक्त सील यायचंय

मी स्टेअरिंगचा गिअरबॉक्स बोलतोय. नुसतं गिअरबॉक्स म्हटलं की लोक गिअरच्या दांड्याकडे बघतात. तो बाबा वेगळा, त्याचा थाट मोठा. मी आपला खाली, चाकाच्या बाजूला, रस्त्यावरचा चिखल खात बसणारा. तुम्ही गादीवर बसून दोन बोटांनी स्टेअरिंग फिरवता आणि एवढं धूड मुकाट्यानं वळतं, ते कोणामुळे? माझ्यामुळे. पण आजवर कोणी माझ्या पाठीवर थाप मारली असेल तर शपथ.

आता तर मी गाडीतही नाही. एका गॅरेजच्या मागच्या बाकड्यावर, पत्र्याच्या ट्रेमध्ये पोट उघडं टाकून पडलोय. कसा आलो इथं, ते ऐका. ऐकून काही होणार नाही, पण ऐका.

माझा जन्म साच्यातला. वितळलेलं लोखंड ओतलं, तासलं, भोकं पाडली. पोटात पेचाचा एक दांडा बसवला, त्याच्या खाचांत छर्रे सोडले, छर्‍यांवर दातांचा जाड नट चढवला आणि त्या नटाला आडव्या दांड्याचे दात भिडवले. तुम्ही वर स्टेअरिंग जरा हलवलंत की पंपातलं तेल धावत येतं आणि त्या नटाला मागून रेटतं. नाव तुमच्या हाताचं, जोर तेलाचा. घरोघरी असंच चालतं, त्यामुळे मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक फिटर बाई होती. तिनं मला आधी बरोबर मधोमध आणलं. माझे दात मध्यावर सगळ्यात घट्ट भिडतात आणि कडेला थोडे सैल असतात. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण गाडी जास्त वेळ सरळच जाते. म्हणून माझ्या डोक्यावरचा स्क्रू पिळायचा तो मी मध्यावर असतानाच. कडेला असताना पिळला तर मध्यावर येताच मी अडकणार. बाईनं स्क्रू बेतानं पिळला, वरून नट आवळला आणि दोन्हींवरून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. "आता ह्याला कोणी बोट लावायचं नाही," असं शेजारणीला बजावून ती जेवायला गेली.

मग मी कप्तानांच्या गाडीत आलो. कप्तान म्हणजे काही जहाजावरचे नव्हेत. प्रवाशांची ने-आण करण्यात त्यांची हयात गेली. गाडीत बसले की आरसा नीट करायचे, मागं वळून बघायचे आणि जहाज सोडत असल्यासारखं विचारायचे, "चला, निघायचं?" त्यावरून कोणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

मला माणूस कळतो तो हातावरून. घरून भांडून आलेला माणूस स्टेअरिंगचा गळा आवळतो. नवशिक्याच्या हाताला घाम असतो. फोनवर थापा मारणारा हमखास एका बोटानं वळवतो. कप्तानांचा हात मात्र काही वेगळाच होता. स्टेअरिंगवर ते हात नुसता ठेवत, आणि कुठं जायचं ते मला कळायचं. मागच्या सीटवर झोपलेलं पोर वळणावर जागं व्हायचं नाही. इतका चांगला हात माझ्या वाट्याला आला होता, खोटं कशाला बोलू.

रोज गाडी पुसून झाली की ते बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, खिडकीतून ओरडायच्या, "अहो, त्या गाडीशीच लग्न करायचं होतंत, माझी तरी सुटका झाली असती!"

"विचारलं होतं तिला," कप्तान म्हणायचे. "ती नको म्हणाली, म्हणून तर तुझ्याकडे आलो."

काकूंचं हसू मला खालपर्यंत ऐकू यायचं.

मग ती थरथर आली. कोणाच्याही आधी ती मला कळली. सिग्नलला गाडी उभी होती, कप्तानांचा उजवा हात स्टेअरिंगवर होता आणि दांड्यातून काहीतरी बारीक, सारखं सारखं, माझ्या पोटापर्यंत येत होतं. इंजिनाचं असेल म्हणून मी सोडून दिलं. इंजिन बंद झालं, तरी ते येतच राहिलं. माझ्या काळजात चर्र झालं. लोखंडाला काळीज असतं का, ते तुम्ही ठरवा.

पुढं चमचा ताटलीवर वाजायला लागला, तेव्हा काकू त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. परत येताना गाडीत काकूंनीच विषय काढला. "हे मागं फिरणारं दुखणं नाही, असं स्पष्ट सांगितलंय त्यांनी. गाडी बंद म्हणाले."

"त्याला काय कळतंय गाडीतलं?" कप्तान उसळले. "अगं, हा बॉक्स गेलाय. त्याला प्ले आलाय, दात सैल पडलेत, त्यानं स्टेअरिंग हादरतं आणि दिवसभर ते धरून धरून माझा हात कापतो. बॉक्स नीट झाला की हात नीट."

"अहो, आणि चमच्यात कुठला बॉक्स आहे?"

कप्तानांनी उगाच आरसा नीट केला. घर आलं, गाडी उभी केली, तरी उतरले नाहीत. मग एकदम म्हणाले, "गाडी सुटली ना, की मी संपलो. एवढं लक्षात ठेव."

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. काकूंचा जोर लागला आणि थरथर तेवढ्यापुरती थांबली.

माझ्यात प्ले नव्हता हो! पिवळी रेघ अजून जागच्या जागी होती. पण मला विचारतंय कोण?

गॅरेजवाला मिस्त्री कप्तानांच्या मुलाच्या वयाचा. त्यानं नवं दुकान टाकलं तेव्हा चिटपाखरू फिरकत नव्हतं. कप्तानांनी त्याला स्टेअरिंगचं काम शिकवलं, आपली गाडी त्याच्या दारात उभी केली आणि रस्त्यानं जाणार्‍या प्रत्येक ओळखीच्याला थांबवून सांगितलं, "ह्याच्याकडे द्या, हात चांगला आहे." त्या उपकाराचं ओझं मिस्त्री आजही वागवतो. कप्तानांपुढं त्याची मान वर होत नाही.

आम्ही गॅरेजात पोचलो. कप्तान हात धुवायला गेले, तेवढ्यात काकूंनी मिस्त्रीला गाठलं. "अरे, बॉक्सला काही झालेलं नाही. झालंय ते ह्यांना. तू सांग बाबा. डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं तर नाहीच नाही. तुझं ऐकतील."

"सांगतो, काकू," मिस्त्री म्हणाला. "उघडतो, दाखवतो आणि सांगतो."

त्यानं मला उतरवलं. पुलर लावून चाकं वळवणारा माझा आर्म ओढून काढला, नळ्या सोडल्या, तेल उपसलं, मला व्हाइसच्या जबड्यात धरलं आणि स्क्रूला हात न लावता वरचं झाकण उघडलं. आडवा दांडा निघाला, पेच निघाला, छर्रे ट्रेमध्ये खळखळले. एकेक छर्रा त्यानं उजेडात धरून बघितला. सगळे लख्ख. तेल अडवणारं एक ऑइल सील थोडं पाझरत होतं, एवढंच. माझं पोट इतकं स्वच्छ बघून त्याचा चेहराच उतरला. मी मेलेला निघालो असतो तर त्याला बरं वाटलं असतं.

कप्तान आडव्या टाकलेल्या टायरवर बसले होते. ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात ना, तसे. उजवा हात मांडीखाली दाबलेला. "काय रे? सांग ना. बॉक्सच ना?"

मिस्त्रीनं काकूंकडे बघितलं. मग कप्तानांकडे बघितलं. आणि म्हणाला, "बॉक्सच आहे, कप्तान. पार गेलाय."

अहाहा, काय फुलला तो चेहरा! "बघ! मी म्हणत नव्हतो?" ते काकूंना म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

काम मात्र मिस्त्रीनं जीव ओतून केलं, त्यात खोट काढणार नाही. नवी सीलं, नवी रबरी कडी, सगळं तेलात बुडवून बसवलं. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत आतली हवा काढली. मी नव्यासारखा झालो. कप्तान चक्कर मारून आले आणि खाली उतरताना त्यांचा आवाज पडला होता. "अजून आहे रे. थोडासा प्ले अजून आहे."

असणारच. तो त्यांच्या मनगटात होता.

"सांग आता," काकू हळूच म्हणाल्या. मिस्त्रीनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

"उतरवू नकोस परत," कप्तान म्हणाले. "वरूनच स्क्रू घे जरा. मी आत बसून स्टेअरिंग मधे धरतो." इतर गाड्यांवर ही त्या दोघांची नेहमीची रीत. एक आत बसून "मधे!" असं ओरडणार आणि दुसरा स्क्रू पिळणार. कप्तान बसले, स्टेअरिंग धरलं आणि ओरडले, "मधे!"

मधे नव्हतं! त्यांचा हात कापत कापत स्टेअरिंगला एका बाजूला घेऊन गेला होता आणि त्यांना ते कळलंच नव्हतं. पुढची चाकं वाकडी दिसत होती. मिस्त्रीला ती दिसली. मी खालून त्याचे डोळे बघितले, त्याला नक्की दिसली. पण "कप्तान, मधे नाहीये," असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? ज्यांनी त्याला मधे म्हणजे काय ते शिकवलं, त्यांनाच? त्यानं लॉकनट सैल केला, पिवळी रेघ तुटली आणि स्क्रू पिळला.

"अजून," कप्तान म्हणाले. त्यानं अजून पिळला.

"आता कसं! आता बघ कसा घट्ट बसला." कप्तान खूश झाले आणि काकूंना घेऊन घरी निघाले.

वळणावर ठीक होतं. सरळ रस्ता लागला, मी मध्यावर आलो आणि दात दातात रुतले. आवंढा अडकावा तसा अडकलो. कप्तानांनी ओढलं, मी हललो नाही. त्यांनी जोरानं ओढलं, मी सुटलो तो भलताच सुटलो. पूर्वीचा त्यांचा हात असता तर त्यानं तेवढ्यातही सावरलं असतं. हा हात नुसता थरथरला. गाडी फुटपाथवर चढली आणि एका दुकानाच्या खांबावर जाऊन आदळली, काकू बसल्या होत्या त्याच बाजूनं.

काकू वाचल्या. त्यांचा कोपर मात्र जोडूनही नीट जुळला नाही. आता तो हात सरळ होत नाही. त्या घरात दोन माणसांचे चार हात, त्यातले कामाचे दोनच.

आणि कप्तान? दवाखान्यात भेटायला आलेल्या मिस्त्रीला ते काय म्हणाले माहीत आहे? गाडी ओढून आणल्यावर मिस्त्री माझ्यापाशी बसून स्वतःशीच ते पुन्हा पुन्हा बोलत होता, म्हणून मला कळलं. "बॉक्सच निघाला ना रे शेवटी? माझा हात नव्हता ना?" असं विचारून ते बायकोच्या खाटेशी उभे राहून हसले म्हणे. सुटल्यासारखे हसले. मिस्त्रीनं मान हलवली. काकू त्याच्याकडे बघत होत्या.

मिस्त्रीनं मला पुन्हा उतरवलं. आडवा दांडा काढून ठेवला, छर्रे ट्रेमध्ये सोडले, सीलं उपसून फेकली आणि तिथंच थांबला. मला नीट करावं तर कप्तान गाडी चालवणार. खरं सांगावं तर कप्तान संपणार, आणि खरं तरी कोणतं सांगायचं? हाताचं की स्क्रूचं? तेव्हापासून मी ट्रेमध्ये आहे. कोपर्‍यात गाडी ठोकळ्यांवर उभी आहे, तिच्या काचेवर धूळ साचलीय. माझे छर्रे गंजायला लागलेत. ते आता कामाचे नाहीत, हे मिस्त्रीलाही कळतं.

कप्तान चौकशीला येत राहतात. काल आले होते. काकूंनी आपल्या धड हातानं त्यांना धरून आणलं. आता पायही घसटतात.

"काय रे, आमचं काम कुठवर?"

"फक्त सील यायचंय, कप्तान," मिस्त्री म्हणाला. "मागवलंय."

"मागच्या खेपेलाही सीलच म्हणालास."

"चुकीचं आलं. परत पाठवलं."

"नीट बघून घे. घाई नाही." कप्तान बाकड्याशी आले. त्यांनी माझा पेचाचा दांडा चिमटीत धरला आणि फिरवला. माझ्या पोटात ना तेल, ना सील, ना पलीकडून भिडायला दात. मला कशाचंच ओझं नव्हतं. मी गरगर फिरलो.

"अगं, बघ!" त्यांचे डोळे चमकले. "किती हलका झालाय! मिस्त्री, जमलं की रे तुला!"

"जमलं, कप्तान." मिस्त्री वळून पान्हे लावू लागला. ते आधीच लावलेले होते.

"चला आता, उशीर होतोय," काकू म्हणाल्या. कसला उशीर, ते त्यांनाच ठाऊक.

तुम्ही कधी या गॅरेजात आलात तर मिस्त्रीला माझा एक निरोप द्या. मला एकदाचा भंगारात घाल म्हणावं. त्या माणसाच्या दुखण्याचं नाव मी किती दिवस वागवू? पण नकोच. नका सांगू. मी भंगारात गेलो तर पुढच्या खेपेला कप्तान फिरवणार काय? कालही ते निघाले ते दारातून परत फिरले, बॉनेटवर ठेवायचे तसा तळहात माझ्यावर ठेवला आणि म्हणाले, "चला, निघायचं?"

त्यांचा हात कापत होता. ट्रेमधले छर्रे त्यानं बारीक वाजत होते. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं.