मार्लीसचे पालक

बर्फावरून घसरणारी शाळेची बस सावरताना मार्लीस ब्रून कधी डगमगली नव्हती. मागे पन्नास पोरं किंचाळत असायची, त्यातलं एखादं ओकायच्या बेतात असायचं, आणि मार्लीस आरशात बघून शांतपणे म्हणायची, "खिडकीकडे तोंड कर रे, मफलरमध्ये नको." अशी बाई विद्यापीठाच्या दाराशी टेबल मांडून बसलेल्या एका मुलीला घाबरली. मुलीचा काही दोष नव्हता. ती नुसती हसत होती. पण एवढे दात एकदम दाखवणारं माणूस समोर आलं की मार्लीसला वाटायचं, हे आता काहीतरी विचारणार.

आणि तिने विचारलंच. "या, या! विद्यार्थ्याचं नाव काय?"

"मार्लीस ब्रून," मार्लीस म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

मुलीने यादीवरून बोट फिरवलं. "हां, मार्लीस! दोन वर्षांचं कॉलेज करून डायरेक्ट तिसऱ्या वर्षाला. हुशार दिसतेय!" असं म्हणत तिने खोक्यातून एक नारिंगी फीत काढून मार्लीसच्या गळ्यात घातली. फितीला कार्ड लटकत होतं: 'मार्लीसचे पालक'. "तिची निळी फीत माझ्यापाशी ठेवते. गाडी लावतेय ना ती?"

इथे मार्लीसला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. गावातल्या कॉलेजात भाषणकलेच्या वर्गात तिने याहून कितीतरी लांब वाक्यं बोलून 'अ' श्रेणी मिळवली होती. पण विद्यापीठाचे ते दगडी खांब, ती हिरवळ, हिरवळीवरून एखाद्या जाहिरातीतल्यासारखी चालणारी ती पोरं.

"हो," ती म्हणाली. "लावतेय."

गावातल्या कॉलेजात असलं काही होत नव्हतं. तिथे विद्यार्थी कोण, असं कोणी विचारत नसे, कारण जो आत येईल तो विद्यार्थी. मार्लीसच्या एका बाजूला कागद गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेला मनुष्य बसायचा, दुसऱ्या बाजूला रात्रपाळीहून थेट आलेली आणि डोळे उघडे ठेवून झोपणारी नर्स. तिथली लिबरल आर्ट्सची पदवी म्हणजे सगळं थोडं थोडं: थोडं तत्त्वज्ञान, थोडे दगडधोंडे, थोडी स्पॅनिश, एक वाकडा मातीचा घडा. आपल्याला नेमकं काय काय येत नाही याची पक्की यादी माणसाच्या हाती पडली की कॉलेज त्याला टोपी घालून निरोप देतं. शेजारीच वेल्डिंगची कार्यशाळा होती. सॉक्रेटिस विष प्यायला तेव्हा भिंतीपलीकडे ग्राइंडर चालू होता, त्यामुळे त्याचे शेवटचे शब्द कोणालाच ऐकू आले नाहीत. तरी मार्लीसला तिथे कधी भीती वाटली नाही. उलट वर्गात ती जरा जास्तच बोलायची.

आता मात्र प्रकरण सोपं नव्हतं. दुपारी एकच्या आत निळ्या फितीवाल्यांनी ग्रंथालयाच्या तळघरात जाऊन विषय नोंदवायचे होते. नाही नोंदवले, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. बसची नोकरी तिने सोडली होती आणि तिचा रूट बसडेपोवाल्या रॉयच्या भाच्याला मिळालाही होता. नवरा गॉर्डी शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या गावजेवणाला टेबलाटेबलावर जाऊन सांगून आला होता की आमची आता युनिव्हर्सिटीत. परतीची वाट त्याने अशी मोठ्या प्रेमाने बुजवून ठेवली होती.

थोडं सावरू, मग जाऊन फीत बदलून घेऊ, असं ठरवून मार्लीस नारिंगी फितींच्या लोंढ्याबरोबर सभागृहात गेली आणि दारापासून सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर बसली.

शेजारी जॉर्जिन नावाची बाई होती. कपडे इस्त्रीचे, केस इस्त्रीचे. तिचा मुलगा टॅनर पहिल्या वर्षाला होता आणि त्याला अंडं उकडता येत नव्हतं, हे तिने स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगितलं.

"तुमची काय घेतेय?" जॉर्जिनने विचारलं.

"इतिहास. गावातल्या कॉलेजातून थेट तिसऱ्या वर्षाला."

"अरे देवा." जॉर्जिनने तिच्या हातावर हात ठेवला. "असू दे. आणि आधीची दोन वर्षं गावातच केली? शहाणी आहे हो पोरगी. मी टॅनरला तेच म्हटलं, तर म्हणतो कसा, तिथे म्हातारे लोक जातात."

"जातात," मार्लीस म्हणाली.

"घाबरलीय का?"

"फार." शब्द तोंडातून सुटला आणि मार्लीसलाच नवल वाटलं. गेले कित्येक महिने हे तिने गॉर्डीलासुद्धा सांगितलं नव्हतं. पण भीती दुसऱ्या कोणाची असली की कशी घडाघडा सांगता येते. "काल जेवलीसुद्धा नाही. तिला वाटतं, वर्गात तोंड उघडलं की सगळ्यांना कळणार, ही काही इथली नाही. कुणीतरी येऊन खांद्यावर हात ठेवणार आणि म्हणणार, बाई, तुमची चूक झालीय, चला."

"छे हो! त्या वयात सगळ्यांनाच वाटतं तसं."

"हिला जरा जास्तच वाटतं. आणि घरात कोणीच शिकलेलं नाही ना. विचारणार कोणाला?"

"तुम्ही आहात की."

"मला कुठे काय येतंय," मार्लीस म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते कोणाला खटकलं नाही, कारण सभागृहात बरेच जण रडत होते. विद्यापीठाने त्याची व्यवस्था ठेवली होती; प्रत्येक रांगेत कागदी रुमालांचं एक खोकं होतं.

मंचावर पालक-समन्वयक बाई बोलत होत्या. विषय होता, हात सोडायला शिका. "त्यांचे फोन तुम्ही करू नका," त्या म्हणाल्या. "त्यांचे विषय तुम्ही निवडू नका. आणि महत्त्वाचं म्हणजे, त्यांना ज्याची भीती वाटते त्याच्या आणि त्यांच्या मधे जाऊन बसू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. मार्लीसनेही डोलावली, आणि नेमकी तिथेच बसून राहिली.

टर्कीचं सँडविच वाटलं जात असताना ती दातवाली मुलगी माइकपाशी आली. "मार्लीस ब्रूनचे पालक आहेत का इथे? तुमची मुलगी अजून आलेली नाही. नोंदणी बंद व्हायला थोडाच वेळ राहिलाय!"

मार्लीसने सँडविचमध्ये तोंड खुपसलं. पण जॉर्जिन ताडकन उभी राहिली. "इथे आहेत! ह्या! अहो, घाबरलीय हो बिचारी पोर!"

दुसऱ्याचं मूल हरवलं की पालकमंडळींना जी तरतरी येते तिला तोड नाही. क्षणापूर्वी मुसमुसणारे बाप उठून बाह्या सरसावू लागले. टॅनरच्या बापाने पार्किंग शोधायला घेतलं, एकाने स्वच्छतागृहं. "आधी फोन लावा तिला," जॉर्जिन म्हणाली आणि समोरच उभी राहिली. मार्लीसने घरचा नंबर लावला.

"झालं का?" गॉर्डीने विचारलं. तो काहीतरी चावत होता.

"गॉर्डी, मार्लीस सापडत नाहीये."

"कोण?"

"मार्लीस. नोंदणीला गेलीच नाही अजून. सगळे शोधताहेत."

चावणं थांबलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला सगळं समजावून सांगावं लागत नाही. थोडा वेळ द्यावा लागतो.

"टरकली असेल," गॉर्डी म्हणाला.

"हो."

"तिला म्हणावं, रॉयच्या भाच्याने सरावाच्या फेरीतच टपालपेटी उडवली. तरी बस काही तिला परत देत नाहीत."

"आणि घरी आली तर?"

"आली तर आली. जेवायला घालू. पण मी शुक्रवारी सगळ्यांना सांगून बसलोय, ते मी निस्तरणार नाही. तिचं तिने निस्तरावं." आणि त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाले?" जॉर्जिनने विचारलं.

"तिचं तिने निस्तरावं म्हणाला."

"काय निस्तरावं? आहे कुठे ती?"

तेवढ्यात सुरक्षारक्षक आला. दारातून आत येताना दाराला त्रास होईल असा माणूस. त्याने खिशातून पेन काढलं आणि कमरेचा वायरलेस तोंडाशी नेऊन तयार ठेवला. "मुलगी हरवलीय कोणाची? तुमची? वर्णन सांगा, बाई. उंची?"

"माझ्याएवढी," मार्लीस म्हणाली. तिला आपला आवाज लांबून ऐकू येत होता.

"केस?"

"असेच."

"कपडे?"

मार्लीसने खाली बघितलं. "पांढरा शर्ट. बाहीला मोहरी लागलीय." ती आत्ताच लागली होती.

"शेवटची दिसली कुठे?"

"दाराशी. टेबलापाशी."

"ठीक. सगळी फाटकं बंद करायला सांगतो, मग पोलिसांना कळवू." रक्षकाने बटणावर अंगठा ठेवला. "वय?"

"वीस असेल हो," जॉर्जिन मधेच म्हणाली. "फार तर एकवीस."

मार्लीसला दिसलं: फाटकं बंद, पोलिसांच्या गाड्या, कुत्री, तळ्यात गळ टाकणारी माणसं, आणि संध्याकाळच्या बातम्यांत तिचा स्वतःचा फोटो. दार समोर होतं. पार्किंगपर्यंत धावत जाता आलं असतं. पण तिथे आता टॅनरचा बाप पहारा देत होता.

"एकोणपन्नास," ती म्हणाली.

पेन थांबलं.

"म्हणजे?" जॉर्जिन मनातल्या मनात वजाबाकी करू लागली. "तुमची मुलगी एकोणपन्नास? मग तुम्ही..."

"मुलगी नाहीये. मला मूलच नाही. मार्लीस म्हणजे मी. मीच आलेय शिकायला."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शंभरेक नारिंगी फिती नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. जॉर्जिन पुटपुटली, "पण ते सगळं... ती जेवली नाही म्हणालात..."

"नाहीच जेवले."

रक्षकाने तिच्या बाहीवरच्या मोहरीकडे बघितलं. मग वायरलेसमध्ये म्हणाला, "सापडली."

"बरी आहे का?" वायरलेसने खरखरत विचारलं.

"उभी आहे," त्याने कळवलं. मग पेन खिशात ठेवत मार्लीसला म्हणाला, "वेळ संपत आलाय, बाई. स्वयंपाकघरातून जवळचा रस्ता आहे. चला."

तो पुढे, मार्लीस मागे, आणि तिच्यामागे कोणी न बोलावता जॉर्जिन. मोठाली पातेली ओलांडून, एक जिना उतरून ते तळघराच्या दाराशी पोचले. आत ओळीने संगणक, ओळीने निळ्या फिती. दारात उभ्या असलेल्या पोराने हात आडवा केला.

"पालकांना आत सोडत नाही, मॅडम."

मार्लीसने वळून बघितलं. जॉर्जिन पुढे सरसावली होती, तोंड उघडून, सगळं समजावून सांगायला तयार. एक पाऊल मागे घेतलं असतं की काम झालं असतं. मार्लीसने तिचा हात धरून तिला थोपवलं.

"मी पालक नाही," ती त्या पोराला म्हणाली. आवाज फाटला. आतल्या पहिल्या दोन ओळींतली डोकी वळली. "मी मार्लीस ब्रून. तिसरं वर्ष, इतिहास. माझी फीत दारावर राहिलीय."

पोराने तिच्या गळ्यातल्या कार्डाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि शाळेत न शिकवलेल्या या प्रश्नाचा निकाल हात खाली घेऊन लावला.

एकच संगणक रिकामा होता. नोंदणीची बाई तिच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. "उशीर केलात. मोठ्या वर्गांतल्या जागा गेल्या. इतिहासात आता एकच उरलाय, बारा जणांचा. रोज प्रत्येकाला बोलावं लागतं त्यात."

"मागे बसायला जागा असते का हो?"

"टेबल गोल आहे."

मार्लीसने डोळे मिटून बटण दाबलं. घाईत ते दोनदा दाबलं गेलं. डोळे उघडले तर पडद्यावर लाल चौकट: ही नोंदणी रद्द करायची आहे का?

"नाही!" मार्लीस किंचाळली. अख्खी खोली दचकून वळली.

"मला काय सांगताय," बाई म्हणाली. "त्याला सांगा. खाली 'नाही' लिहिलंय, तिथे दाबा. एकदाच."

मार्लीसने एकदाच दाबलं.