अर्धा राहिलेला फटका

माझ्या गोल्फच्या ड्रायव्हरचा शाफ्ट भर फटक्यात मोडला आणि चेंडू माझ्या बायकोच्या डोक्यावर वीतभर उंचीवर येऊन थांबला. रविवारची सकाळ होती. वीणा क्लबाच्या व्हरांड्यात लिंबू सरबत पीत बसली होती. तिने एकदा वर पाहिलं, ग्लास संपवला आणि घरी जायला उठली. चेंडूही तिच्याबरोबर निघाला.

गोल्फमध्ये फटका अर्धा सोडता येत नाही. क्लबाच्या सेक्रेटरींनी फोनवर तेच सांगितलं. नवा शाफ्ट बसवा, फटका पुरा करा, मग चेंडू पडायचा तिथे पडेल. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी आणि शाफ्ट म्हणजे तिची दांडी. हात मंदावलेल्या माणसाने मऊ शाफ्ट घेतला तर चेंडू उंच चढतो आणि लांब जातो. न झेपणारा ताठ शाफ्ट घेतला तर चेंडू दबतो आणि जवळच पडतो. क्लबात हे सगळ्यांना पाठ आहे आणि सगळ्यांकडे ताठ शाफ्टच आहेत. मऊ शाफ्ट मागणं म्हणजे मी म्हातारा झालो असं दवंडी पिटून सांगणं. मी साठी ओलांडली आहे, पण दवंडी अजून पिटलेली नाही.

वीणाने त्या चेंडूखालीच कुकर लावला, भाजी आणली, भिशीला जाऊन आली. घाबरलो होतो तो मीच. परात घेऊन घरभर तिच्या मागे फिरलो, पण मध्ये परात धरली की चेंडू परातीतून आरपार खाली यायचा, म्हणून तेही सोडलं.

"तुम्हाला झेपेल तो घ्या," ती म्हणाली. "मान अवघडलीय माझी."

छावणीच्या रस्त्यावर नगरकरांचं दुकान आहे. तिथे शाफ्ट भिंतीला ओळीने उभे असतात, डावीकडे मऊ, उजवीकडे ताठ. आम्ही पोचलो तेव्हा कर्नल घोरपडे आधीच खुर्ची टाकून बसला होता. तो माझा खेळातला जोडीदार. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

नगरकरांनी विचारलं, हाताचा वेग किती. मी जरा वाढवून सांगितला. चेंडू बोटभर खाली आला. मग ते म्हणाले की यंत्र आहे, जाळीत एक फटका मारा, खरा आकडा कळेल. मी खांदा धरल्याचं सांगितलं. खांदा ठणठणीत होता. चेंडू आणखी बोटभर उतरला. नगरकर म्हणाले, बरं, जशी साहेबांची मर्जी. त्यांना विकण्याशी मतलब.

एवढ्यात दुकान लांबलं होतं. मऊ शाफ्टची भिंत पार टोकाला गेली होती आणि कर्नलची खुर्ची मात्र माझ्या कोपराला टेकली होती. मी चालत निघालो. बॅगा, बूट, टोप्या, हातमोजे मागे पडत गेले आणि पुन्हा बॅगा लागल्या. मागे वळून पाहिलं तर बाकावर वीणा अगदी एवढीशी दिसत होती आणि तिच्या डोक्यावर तो पांढरा ठिपका.

अखेर एक मऊ शाफ्ट हातात घेतला. शेवग्याच्या शेंगेसारखा तो माझ्या मुठीत आपोआप हलला आणि माझ्या हाताच्या वेगाशी त्याचं जुळलं. तिकडे चेंडू वर चढला, पंख्यापर्यंत गेला. वीणाने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मला रडूच कोसळणार होतं. हाच घ्यायचा होता, एवढं सोपं होतं.

परत फिरलो तर वाटेच्या दोन्ही बाजूंना अख्खा क्लब उभा होता. हात मागे बांधलेले, कुणी खोकत नव्हतं. समोरचा फटका मारायला उभा राहिला की आम्ही असेच उभे राहतो. त्यांच्यामधून चालताना हातातला शाफ्ट लवत होता आणि तो सगळ्यांना दिसत होता.

"कुठला घेतलास रे, भास्कर?" कर्नलने विचारलं.

मऊ, असं मला म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आला होता.

"हा होय? हा वीणासाठी बघत होतो," मी म्हणालो. "ती शिकायचं म्हणतेय."

चेंडू पंख्यापासून निघाला तो थेट तिच्या केसांना टेकला. नगरकरांनी माझ्या हातातून मऊ शाफ्ट काढून घेतला आणि उजवीकडच्या भिंतीवरचा शेवटचा, सगळ्यात ताठ शाफ्ट आणला. डिंक लावला, तो लगेच वाळला. काठी माझ्या हातात आली. ती लोखंडी गजासारखी थंड होती आणि मला ओळखत नव्हती.

दुकान आता इतकं अरुंद झालं होतं की काठी फिरवायला जेवढी लागते तेवढीच जागा उरली होती. समोर जाळी आणि जाळीपलीकडे बाकावर वीणा. अजूनही सांगता आलं असतं. पण फटक्याच्या वेळी कुणी बोलायचं नाही, हा आमचा पहिला नियम आहे, आणि मारणाराही त्यातून सुटत नाही. मी काठी उचलली. ती खांद्यावर गेली.

वीणाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने चष्मा काढला, पदराने पुसला, घडी करून डबीत ठेवला आणि डबी शेजारी येऊन बसलेल्या कर्नलच्या हातात दिली. चष्मा नवा होता.