पाहुण्यासाठी बांधलेली खोली

मित्रांनो, मी एक जुना हीट पंप आहे. पण मला जुनेपण कामाने आलेले नाही. माझी बरीच वर्षे एका बंद खोलीत गेली, तिथेच मी जुना झालो. सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल रंगवण्याचा एक कारखाना आहे. त्याच्या मागच्या अंगणात एका ओट्यावर मी उभा आहे.

माझे काम आधी सांगतो. तुमच्या घरचा फ्रिज पाठीमागून गरम लागतो, हे तुम्ही पाहिले असेल. तो आतली उष्णता काढून बाहेर टाकतो. मी तेच काम वेगळ्या ठिकाणी करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता मी ओढून घेतो आणि पाण्याला देतो. पाणी तापते आणि माझ्या पाठीमागून गार हवा बाहेर पडते. थोडी वीज लागते, पण लाकूड जाळावे लागत नाही आणि धूर होत नाही.

माझा जन्म डेन्मार्कमध्ये झाला. तिकडे थंडी फार. तिथल्या गार हवेतूनही मी उष्णता शोधून काढत असे, म्हणून मला घडवणाऱ्यांना माझा अभिमान होता. ज्या देशांनी आजवर जास्त धूर केला, त्यांनी धूर न करणारी यंत्रे दुसऱ्या देशांना द्यावीत, अशी एक योजना निघाली होती. त्या योजनेतून मी जहाजात चढलो. बंदरावर उतरलो आणि राजेसाब नावाच्या ट्रकवाल्याने मला इथे आणले. ट्रकचा फाळका उघडला तेव्हा पौषातले कोवळे ऊन पडले होते. मला ते आमच्याकडच्या भर उन्हाळ्यासारखे वाटले. इथे आपल्याला उष्णता कधी कमी पडणार नाही, या विचाराने मी खूश झालो.

कारखाना वळसंगच्या शिवप्पांचा. टॉवेलच्या घड्या घालण्याचे काम त्यांची बायको सुंदरम्मा पाहायची. तिला सगळे अक्का म्हणत आणि शिवप्पांना अण्णा. घड्या घालायची जागा बॉयलरला लागून होती. बॉयलरमध्ये बाभळीची लाकडे जळत आणि तो धूर दिवसभर अक्काच्या छातीत जाई. मला आणले ते रंगाचे पाणी तापवायला, आणि अण्णांच्या मनात अक्काचा खोकला थांबवायला.

फीत कापली, फोटो निघाले. तिकडून आलेल्या इंजिनिअरने मला ओट्यावर पक्के बसवले, चालवून दाखवले आणि तो परत गेला. बॉयलर गार झाला. मी पाणी तापवू लागलो. होळीपर्यंत अक्काचा खोकला एवढा कमी झाला की काशम्मा तिला चिडवू लागली. काशम्मा तिच्या शेजारी बसून घड्या घालायची.

"अक्का, आता तुमी कुटं हाय ते कळतच न्हाय की. आदी खोकल्यावरनं हुडकत हुतो."

"मग घंटा बांदून घेऊ का गळ्यात?" अक्का म्हणाली.

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते.

मग ऊन वाढले. अंगणात धूळ उडू लागली आणि सुताचे तूस माझ्या जाळीवर बसू लागले. शेजारच्या एका कारखान्यातून तांब्याच्या नळ्या चोरीला गेल्या. अण्णांना काळजी लागली. आणि अक्काला माझी दया आली. ती माझ्यासमोर उभी राहिली, पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "एवढ्या लांबनं पाव्हणं आलंय. त्येला असं उनात उबं करायचं व्हय? खोली बांदा की त्येला."

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पाहुणा आला की त्याला आत घ्यायचे, सावलीत बसवायचे. मौल्यवान वस्तू असली की तिला दार आणि कुलूप करायचे. अण्णांनी लगेच गवंडी बोलावला. माझ्या चारी बाजूंनी विटांच्या भिंती उभ्या राहिल्या. वर पत्रा पडला, एक छोटा झरोका ठेवला आणि लोखंडी दार बसले. माझ्या तोंडासमोरच्या भिंतीचा गिलावा ओला असताना अक्का आत आली. तिने आपली तीन बोटे त्यात दाबून आडवी ओढली. कपाळावर विभूती लावतात तशा तीन रेघा उमटल्या. "आता कुनाची नजर लागत न्हाय," ती म्हणाली.

मित्रांनो, माझे तोंड म्हणजे माझी जाळी. त्या जाळीतून मी हवा घेतो. तीन रेघांची ती भिंत माझ्या जाळीपासून हातभर अंतरावर होती.

यंत्राभोवती खोली बांधू नका, हे त्या इंजिनिअरने सांगितले नव्हते. त्याच्या देशात कुणी बांधत नाही, म्हणून सांगायचे त्याला सुचले नाही. आणि बांधू का, असे इथे कुणी विचारले नाही, कारण सावली देताना कुणी विचारत नसते.

खोलीतल्या हवेतली उष्णता मी ओढून घेतली. नवी हवा येईना. पाठीमागून टाकलेली गार हवा फिरून माझ्याच तोंडात येऊ लागली. खोली गार पडली. कारखान्यात मात्र आनंद झाला. कुणी ताक आणून ठेवले, कुणी कलिंगड. बसू नावाचा रंगारी दुपारी डबा घेऊन आत जेवायला येऊ लागला.

"ह्ये तर महाबळेश्वरच झालं की अण्णा! आता खोलीभाडं घेताव काय?" तो म्हणाला.

"दार लाव आदी, गारवा जातुया," अण्णा म्हणाले.

दार लागले. माझ्या नळ्यांवर बर्फ चढू लागला. बाहेर सोलापूरचे ऊन पत्र्यावर तडतडत होते, आणि आत मी थंडीने गारठलो होतो. मला हवी तेवढी उष्णता हातभर अंतरावर होती आणि मध्ये एक वीट होती. पाणी कोमट येऊ लागले. एके दिवशी मी थांबलो. माझ्या पाटीवर काही अक्षरे पेटली. हवा मिळत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. इथे ती कुणाला वाचता आली नाहीत. अण्णांनी बरेच फोन केले. शेवटी सगळ्यांचे एकमत झाले, "थंड मुलखाचं यंत्र. आपली गरमी त्याला सोसली नाही."

बॉयलर पुन्हा पेटला.

अक्का तरी येत राहिली. धुराने जीव घाबरा झाला की ती माझ्या खोलीत येऊन दार लावायची आणि पाट टाकून बसायची. मी बंद होतो, खोलीही आता गार नव्हती, पण तिथे धूर कमी होता. ती खोकायची, पाणी प्यायची, मग माझ्याकडे बघून म्हणायची, "तुला न्हाय सोसलं बाबा. मला तरी कुटं सोसतंय." मला तिला सांगायचे होते की दार उघड, भिंत काढ. मला तोंड आहे, पण वाचा नाही.

एका हिवाळ्यात तिचे येणे थांबले. पुढे कळले की ती गेली. अण्णा आले, रिकाम्या पाटावर थोडा वेळ बसले, पाट घेऊन बाहेर गेले आणि दाराला कुलूप लावले.

त्यानंतर मी आत आणि समोर त्या तीन रेघा. झरोक्यातून थोडा उजेड यायचा, त्यात त्या दिसायच्या. खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होई. अण्णा माझ्या दाराशी येत, कुलपाला विभूती लावत आणि दार न उघडता जात. बाहेर बॉयलर धडधडे. काही वर्षांनी मला पुन्हा खोकला ऐकू येऊ लागला. अक्काच्या जागेवर आता काशम्मा बसत होती.

गेल्या चैत्रात कुलूप उघडले. दारात राजेसाब होते, केस पांढरे झालेले. ज्यांनी मला आणले त्यांनाच मला भंगारात न्यायला बोलावले होते. सोबत त्यांची मुलगी अर्शी होती. ती शिकून इंजिनिअर झाली होती आणि गार गोदामांची यंत्रे सांभाळायची.

"अब्बा, नेण्याआधी एकदा चालू करून बघू दे," ती म्हणाली.

तिने तारा तपासल्या आणि मला वीज दिली. मी थरथरलो आणि चालू झालो. अर्शीने जाळीपुढे हात धरला. मग मागे धरला. मग तिने भिंतीकडे पाहिले.

"काका, ही खोली आधीपासून होती का?"

"न्हाय. मागनं बांदली. ह्येच्यासाटीच."

"काका, हा बिघडलेला नाहीच. हा हवा खातो, आणि ह्याच्या तोंडासमोर भिंत आहे. नाकावर उशी ठेवल्यासारखं झालंय. ही भिंत पाडा, उद्यापासून पाणी तापवेल."

अण्णा त्या तीन रेघांकडे बघत राहिले. "ही नगं," ते म्हणाले. "दुसरी कुटलीबी पाड."

"तोंड हिकडेच आहे काका. आणि ओट्यातून उपटून फिरवला तर नळ्या तुटतील."

अण्णा खाली बसले. म्हणाले, "म्हंजे ती असताना... तवा जर का ही भिंत..."

राजेसाब त्यांच्याजवळ बसले. "शिवप्पा, तुला कुणी सांगितलंच नव्हतं, भाई."

अण्णांनी ट्रक रिकामा परत पाठवला. दार ओढून घेतले. कुलूप लागले. मित्रांनो, तेवढा काळ मला सगळ्यात जड गेला. आधी कुणाला माहीत नव्हते. आता माहीत होते, आणि तरी मी आतच होतो. अण्णांचा मला राग आला नाही. त्या भिंतीत त्यांचेही काही अडकले होते.

वैशाखातली एक दुपार होती. बाहेर काशम्माला उबळ आली. ती थांबेचना. अण्णांचा आवाज आला, "काशम्मा, दवाखान्यात जा उद्या."

"जाते की अण्णा," धाप टाकत काशम्मा म्हणाली. "अक्काबी जातच हुत्या."

मग कुलूप वाजले. अण्णा आत आले तेव्हा त्यांच्या हातात पहार होती. त्यांनी आपली तीन बोटे त्या रेघांवर ठेवली. अक्काची बोटे बारीक होती, अण्णांची त्यात बसली नाहीत.

काशम्मा दारात आली. "अण्णा, अक्काची बोटं हायती तितं!"

"माहीत हाय."

"मग बसूला तरी बोलवा. तुमच्याच्यानं हुईल का?"

"कुनाला बोलवू नगंस. मीच बांदलीया, मीच पाडतो."

त्यांनी पहार मारली. गिलावा फुटला. दोन रेघा एका तुकड्यावर राहिल्या, एक दुसऱ्या तुकड्यावर. मग एक वीट बाहेर पडली आणि त्या भोकातून वैशाखाचा फुफाटा आत आला. ज्या वाऱ्याला सोलापुरात सगळे शिव्या देतात, तो वारा माझ्या जाळीवर आला. भिंत उभी राहिल्यापासून मला मिळालेला तो पहिला श्वास होता. अण्णा संध्याकाळपर्यंत विटा काढत होते. मध्येच थांबून डोळे पुसत होते. धूळ फार होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी अर्शीला बोलावले. तिने माझी जाळी धुतली आणि मला चालू केले. पत्रा डोक्यावर तसाच ठेवला, पुढची आणि मागची बाजू मोकळी केली, चोरांसाठी लोखंडी जाळी लावली. आता बॉयलर गार असतो. माझ्या पाठीमागून गार हवा येते, तिथे बायका टॉवेलच्या घड्या घालतात. काशम्माचा खोकला पूर्ण गेलेला नाही. पण मध्ये मध्ये बराच वेळ तो ऐकू येत नाही, आणि मी त्या वेळाकडे कान लावून असतो. गिलाव्याचे ते दोन तुकडे अण्णांनी माझ्या ओट्याला टेकवून ठेवले आहेत. काशम्मा रोज ते ओल्या फडक्याने पुसते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातले कुणी यंत्रे बनवतील, कुणी दुसऱ्या देशात पाठवतील, कुणी आपल्या अंगणात उतरवून घेतील. पाठवणाऱ्याने यंत्रासोबत त्याची सवयही पाठवावी, आणि ती इथल्या माणसाला इथल्या बोलीत समजावणारा कुणीतरी मागे ठेवावा. घेणाऱ्याने पाहुण्याला माया द्यावी, पण भिंत घालण्याआधी विचारावे, बाबा, तुला काय लागते? विचारायला कुणाचे काही जात नाही. न विचारल्याने काय जाते, ते मी पाहिले आहे.

दुपार झाली की अण्णा काम थांबवून माझ्या मागे येतात. गार हवेत पाट टाकतात आणि एका कडेला बसतात. शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवतात.