टाइस समजून उचललेला मुलगा

बर्फात मजा असते असं मला ज्याने पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याशीच मी पुढे लग्न केलं. योरिसचे लहानपणीचे सगळे हिवाळे ऑस्ट्रियातल्या तिरोलच्या डोंगरांत गेले, माझे डेव्हेन्टरच्या सपाट रस्त्यांवर सायकल मारण्यात. आमच्या गावातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे नदीवरचा पूल. तरी दर फेब्रुवारीत शाळांना सुट्टी लागली की अर्ध्या हॉलंडसोबत आम्हीही गाडीच्या टपावर स्कीची पेटी बांधतो आणि जर्मनीतल्या रस्त्यांवर रांगेत उभं राहायला जातो.

यंदा टाइस पाच वर्षांचा झाला होता, आणि योरिसच्या घराण्यात पाचव्या वर्षी मूल स्कीवर उभं राहतंच. आमची थोरली, फेन्ना, अकरा वर्षांची. ती वाऱ्यासारखी उतरते आणि तिचं तोंडही तसंच चालतं. टाइस माझ्यावर गेलाय. त्याला चटईवर पालथं पडून गाड्या रांगेत लावायला आवडतं.

पहिल्या सकाळी त्याच्यावर थरावर थर चढवले. आतले लोकरी कपडे, मोजे, मोज्यांना पडलेली सुरकुती काढून पुन्हा मोजे, फुगीर विजार, जॅकेट, गळपट्टा, हेल्मेट, गॉगल. शेवटची चेन ओढली आणि तो म्हणाला, "आई, शी."

"अरे, मघाशी विचारलं तेव्हा?"

"मघाशी नव्हती आली."

योरिस दारात स्की खांद्यावर घेऊन उभा. "मार्लीस, चला ना, डोंगरावर न्यायच्या लिफ्ट सुरू होऊन किती वेळ झाला!"

"मग तू ये आणि याच्या चेन उघड," मी म्हटलं. तो बाहेर जाऊन हवामान बघू लागला.

स्की शाळेत सगळ्या पोरांना पिवळ्या बंड्या घालतात. टाइसने बंडी घालून घेतली, दोन पावलं टाकली आणि बर्फात आडवा झाला. शिकवणारी मुलगी हसून मला म्हणाली, "तुम्ही जा. आई दिसली की जास्त रडतात." मी गेले. दुपारी परत आले तेव्हाही तो आडवाच होता, फक्त जागा बदललेली.

दुसऱ्या दिवशी हाच कार्यक्रम. त्याला सोडून मी उताराच्या पायथ्याशी असलेल्या खानावळीत जाऊन टेबल अडवून बसले. सुट्टीत माझं काम हेच. एका खुर्चीवर माझी पिशवी, दुसरीवर जॅकेट, तिसरीवर हातमोजे, आणि जागा शोधत फिरणाऱ्या लोकांच्या नजरा चुकवायच्या. जेवणाच्या वेळेला योरिस आणि फेन्ना वरून खाली आले. गाल लाल, डोळे चमकताहेत. योरिस म्हणाला, "काय बर्फ पडलाय! तू एकदा तरी यायला हवंस."

"आधी टाइसला घेऊन ये," मी म्हटलं.

थोड्या वेळाने तो आला. काखेत आडवं धरलेलं, पाय झाडणारं, किंचाळणारं पोर. सगळी खानावळ आमच्याकडे बघू लागली. "धर याला," योरिस दात-ओठ खात म्हणाला. "सगळ्या रस्त्यात लाथा मारल्यात. गुडघा फुटला माझा."

मी पोराला मांडीवर घेतलं. "झालं हं सोन्या, झालं. आता मस्त सूप पिऊ या." एक बूट ओढून काढला. गॉगल वर केला, गळपट्टा खाली ओढला, हेल्मेटचा पट्टा सोडवला. आतून लाल केसांचं, नाकावर ठिपके असलेलं, पुढचा दात पडलेलं एक मूल निघालं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघांनीही श्वास रोखला. मग त्याने असा टाहो फोडला की शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या हातून चमचा पडला.

"बाबा," फेन्ना म्हणाली, "तू दुसऱ्याचं पोरगं पळवून आणलंस."

योरिसचा चेहरा पांढरा पडला. "पण तेच निळं जॅकेट... पिवळी बंडी... आणि मी नीट विचारलं त्याला! म्हटलं, जेवायला येतोस ना? तो 'नाय' म्हणून ओरडला. मला वाटलं, टाइसच."

नंतर कळलं, पोर डॅनिश होतं. त्यांचं 'नाही' आणि आमचं डच 'नाही' किंकाळीत सारखंच ऐकू येतं.

"अरे, मग माझं पोर कुठेय?" मी म्हटलं, आणि उत्तराची वाट न बघता त्या मुलाला एका बुटासकट उचलून पळत सुटले.

शाळेच्या कुंपणापाशी एक उंच बाई टोपी हातात चुरगळत "आस्गर! आस्गर!" अशा हाका मारत होती. मूल माझ्या हातातून तिच्या गळ्यात कसं गेलं ते मला सांगता येणार नाही. "माफ करा," मी धापा टाकत म्हटलं, "माझ्या नवऱ्याने... आमचाही असाच आहे... चुकून..."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती शिव्या घालेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "आणि तुमचा?"

तिच्याजवळ नव्हता. शिकवणाऱ्या मुलीच्या भोवतीही नव्हता. कुंपणात एकही पिवळी बंडी उरली नव्हती. बिचारी रडवेली झाली. "त्याचे वडील घेऊन गेले ना? मी स्वतः पाहिलं."

पलीकडे उतारावरून माणसं सुसाट येत होती, त्यामागे झाडी, त्यामागे रस्ता आणि बसगाड्या. योरिस धावत आला, "टाइस! टाइस!" असं ओरडताना त्याचा आवाज चिरकत होता. डॅनिश बाई, तिचं नाव मेरेटे, कडेवरच्या आस्गरला तशीच घेऊन आमच्याबरोबर शोधू लागली.

सापडला तो तिलाच. पोरांना फोटो काढायला लाकडी फळीचं एक मोठं अस्वल उभं केलं होतं, त्याच्या मागे. स्की काढून बाजूला ठेवलेल्या, बंडीची घडी करून तिच्यावर बसलेला. बर्फाचे छोटे गोळे करून त्याने रांगेत लावले होते.

मी त्याला घट्ट धरलं आणि मग गदागदा हलवलं. "तू इथे काय करतोयस? हाका ऐकू येत नाहीत?"

"येतात," टाइस म्हणाला.

"मग ओ का नाही दिलीस?"

"बाबा दुसऱ्या मुलाला घेऊन गेला. मी बघितलं." मग योरिसकडे बघून, अगदी समजुतीने, "तू त्याला ठेव ना बाबा. त्याला शिकव. मला नाही राग येणार."

योरिस गुडघ्यावर बसला होता, तसाच बसून राहिला. गॉगल खाली ओढून घेतला त्याने. ऊन नव्हतं.

एवढं झाल्यावर तरी विषय संपेल की नाही? संध्याकाळी बूट वाळत घालायच्या खोलीत तो हळूच म्हणाला, "उद्या फक्त अर्धा दिवस पाठवून बघू या का?"

मी हातातला बूट खाली आपटला. "योरिस, तो पोरगा आपला बाबा दुसऱ्याला देऊन टाकायला तयार झालाय, आणि तू अर्धा दिवस म्हणतोस?"

"अगं, मीसुद्धा रडायचो. रोज. माझे बाबा ऐकायचे नाहीत. मग आवडायला लागलं."

"कधी?"

त्याने बोटांवर वर्षं मोजली. "बावीसचा झालो तेव्हा," तो म्हणाला, आणि आपणच काय बोललो ते ऐकून भिंतीला टेकला.

टाइसची स्की शाळा बंद झाली. म्हणजे सगळं गोड झालं असं नाही. घसरगाडीवर त्याला नेलं, तर पहिल्याच फेरीत मानेत बर्फ गेला म्हणून तो चालत खाली आला, गाडी मी ओढली. शेवटी गावातल्या गरम पाण्याच्या जलतरण तलावात नेलं, आणि तिथून तो निघेना. रोज सकाळी मी तिथे. वाऱ्यामुळे लिफ्ट बंद पडल्या त्या दिवशी योरिसही आला, आणि टाइसने त्याच्या पाठीवर बसून पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं. बाहेर येऊन, नाकातून पाणी गळत असताना तो ओरडला, "पुन्हा!"

"बघ, किती आवडलं त्याला इथे!" योरिस मला म्हणाला. "पुढच्या वर्षीसाठी हेच भाड्याचं घर सांगून ठेवू या."

आमच्या डेव्हेन्टरच्या घरापासून, पुलाचा चढसुद्धा न चढता, सायकलवर पाच मिनिटांत अगदी असाच एक तलाव आहे. मी डोकं पाण्याखाली घातलं आणि दम पुरेल तितका वेळ तिथेच राहिले.