दुपारची खरखर

स्टेरिओच्या भोवती एकूण अकरा वस्तू होत्या. विशाखाने त्या दोनदा मोजल्या आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिल्या: रिसीव्हर एक, स्पीकर दोन, स्पीकरच्या तारा दोन, विजेची वायर एक, गच्चीवरून आलेली एरियलची तार एक, अर्थिंगची तार एक, आईने घातलेला क्रोशाचा रुमाल एक, त्यावरची फुलदाणी एक, आणि ही वही. दोष यातल्याच कशात तरी असणार होता. नाहीतर मग दादांच्या कानांत. पण कान तिने यादीत घेतले नाहीत.

साल एकोणीसशे नव्वद. बदलापूरला कात्रपमध्ये तेव्हा इमारती मोजक्या होत्या आणि मधेमधे अजून भातखाचरं होती. विशाखाचे वडील धर्मराज, घरात सगळ्यांचे दादा, त्या मार्चमध्ये अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. एकतीस वर्षं त्यांनी घणखात्यात काढली होती. तिथे यंत्राचा घण तापल्या लोखंडावर पडायला लागला की शेजारच्याची हाकही ऐकू यायची नाही. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी एकच हौस केली. उल्हासनगरच्या एका दुकानातून जुना, पण परदेशी बनावटीचा स्टेरिओ रिसीव्हर आणला. दुपारी घर शांत असताना खुर्चीत बसून रेडिओवरची नाट्यगीतं ऐकायची, एवढंच त्यांचं मागणं.

आठवडा झाला नाही तोच ते म्हणाले, "खरखर येते गं. मधेच येते, मधेच जाते."

विशाखाला ती कधी ऐकू आली नाही. बी. एस्सी. होऊन ती अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली होती. साडेआठला निघायची ती सहाला परतायची. आई, द्रौपदीबाई, बालवाडी आणि शिवणवर्ग उरकून त्याच सुमाराला घरी यायची. संध्याकाळी रिसीव्हर अगदी स्वच्छ गात असायचा. आठनंतर टीव्ही लागायचा.

दोन रविवार बापलेकींनी रिसीव्हर चादरीत गुंडाळून उल्हासनगरला नेला. दोन्ही वेळा दुकानात त्याने खरखरीचा ख सुद्धा काढला नाही.

"सांई, मशीन तो फर्स्ट क्लास है," दुकानदार परमानंद हसत म्हणाला. "आप ज़रा कान चेक कराओ."

दादा हसले नाहीत. परतताना रिक्षात बाहेर बघत ते म्हणाले, "निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टर हेच म्हणाला होता. पुढे तुम्हाला आपोआप आवाज ऐकू येतील. यायला लागले की समजा, कान चालले."

परमानंद महिन्याच्या आत मशीन परत घ्यायला तयार होता. महिना चौथ्या रविवारी भरत होता.

"देऊन टाकू," दादा म्हणाले. "कानच गेले असतील तर बिचाऱ्या मशीनला का नावं ठेवायची?"

"दादा, रविवारचा दिवस मला द्या. संध्याकाळपर्यंत सापडलं नाही तर मी स्वतः नेऊन देते."

दादांनी कारखान्याच्या शिस्तीत वही ठेवली होती: तारीख, खरखर सुरू, खरखर बंद. बावीस नोंदी. विशाखाने त्या शनिवारी वाचल्या आणि तिला धसकाच बसला. एकही नोंद सकाळी साडेआठच्या आधीची किंवा संध्याकाळी पावणेसहानंतरची नव्हती. म्हणजे दादा एकटे असले की खरखर, माणसं घरात आली की गायब. असा आवाज बहुधा कुठे असतो, ते सांगायला पदार्थविज्ञान लागत नव्हतं.

रविवारी ती सकाळपासून रिसीव्हरसमोर फतकल मारून बसली. दादा खुर्चीत होते. आठ वाजून बावन्न मिनिटांनी गाण्यावर कुणीतरी तापल्या तेलात मोहरी टाकावी तशी खरखर सुरू झाली.

दादांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "आली का?"

"आली."

"तुला?"

"मलाही. चांगली मोठी आहे."

दादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग गरज नव्हती एवढ्या मोठ्याने ओरडले, "द्रौपदे, चहा टाक! तिघांना!"

"बहिरी नाही मी," आतून उत्तर आलं.

पण खरखर ऐकू येणं वेगळं आणि सापडणं वेगळं. विशाखाने स्पीकर उलटसुलट केले, प्लग बदलला, फुलदाणी आणि रुमालसुद्धा काढला. खरखर तशीच. तिने अर्थिंगच्या तारेकडे हात नेला तेव्हा मात्र दादांनी तो वरच्यावर धरला.

"अर्थिंगला हात नाही लावायचा. चालू मशीनचं अर्थिंग काढलं की आमच्याकडे मेमो मिळायचा."

"दादा, हे घर आहे."

"वीज तीच आहे ना?"

दुपार अशीच गेली. चार वाजता दादा म्हणाले, "निघायला पाहिजे, दुकान बंद होईल." विशाखा म्हणाली, "अजून तास." पाच वाजले. त्यांनी चादर आणून घडी घालून शेजारी ठेवली. पाच वाजून चौतीस मिनिटांनी कुणी काही न करता खरखर थांबली आणि गाणं स्वच्छ झालं.

त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आई ओरडली, "विशे, पाणी आलं गं! पिंप लाव!"

विशाखा जागची हलली नाही.

"आई, सकाळी पाणी किती वाजता गेलं?"

"नऊच्या जरा आधी. रोजचंच आहे."

तिने वही उघडली. एका बुधवारी दादांनी लिहिलं होतं, 'आज दिवसभर नाही.'

"आणि त्या बुधवारी?"

"बुधवारी दिवसभर होतं की! गुरुवारी बंद राहणार म्हणून सोडून ठेवलेलं. जिना झाडणाऱ्या पुतळाबाईने वरचे तिन्ही मजले धुऊन काढले, विसरलीस?"

मग विशाखाने अर्थिंगची तार हाताने चाचपत नेली. ती स्वयंपाकघरातल्या नळापाशी संपत होती. दादांनी तिथे लोखंड घासून, पितळी पट्टी आवळून, कारखान्यात शोभेल असा जोड केला होता. जोडात काहीच खोट नव्हती. तिने जुन्या फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक घेतला आणि मागच्या भिंतीवरून उतरणाऱ्या रुपेरी पाइपाला लावत लावत ती खाली गेली. चिकटला, चिकटला, चिकटला, आणि गुडघ्याच्या उंचीवर पडला.

तिथे वीतभर पाइप प्लास्टिकचा होता. गेल्या वर्षी तो फुटला तेव्हा प्लंबरने तुकडा घालून वर तोच रुपेरी रंग फासला होता. विशाखाने विजेचा रोध मोजायच्या मीटरची टोकं तुकड्याच्या वर आणि खाली लोखंडाला टेकवली. पाणी वाहत होतं तोवर पंधरा हजार ओहम. आठनंतर पाणी गेलं, पाइप निथळला, आणि काटा हलला नाही.

दादा कंदील धरून वाकले होते. "म्हणजे नळाचं पाणी येतं त्या बारवी धरणावर माझं अर्थिंग होतं?"

"पाणी असेल तेव्हा. पाणी गेलं की ही तार जमिनीला पोचतच नाही. मग ती दुसरी एरियल होते. पलीकडच्या पिठाच्या गिरणीच्या मोटारीची, रेल्वेच्या रुळांवरची, सगळी तडतड गोळा करून आणते. दुकानात ही तार नव्हतीच, दादा."

"आणि तुम्ही घरी असता तेव्हा नळाला पाणी असतं."

"हो. नुसती तार काढली तरी भागेल."

"अर्थिंग काढायचं?" दादा असे म्हणाले, की विशाखाने तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी इमारतीमागे कमरेएवढा खड्डा खणला. लोखंडी पत्रा उभा केला, अर्थिंगची तार नळावरून काढून त्याला जोडली, भोवती कोळसा आणि खडेमीठ थरांनी भरलं, वर दोन बादल्या पाणी ओतलं. पुढे विशाखाने खूप महागडी यंत्रं हाताळली, पण ओल्या कोळशाचा वास आला की तिला गंजिफ्रॉकावर मीठ पसरणारे दादाच दिसायचे.

आई दारात उभी होती. "अहो, थोडी खरखर ठेवा की. पाणी आल्याचं बसल्या जागी कळायचं."

"तुला घंटा लावून देतो," दादा म्हणाले.

दोन वाजता नळ कोरडा होता. दादा खुर्चीत बसले, चार वाजेपर्यंत बसले, आणि मग म्हणाले, "आता माझे कान मोज."

"कशाला?"

"यादीत लिहिले नाहीस तू. मी वाचली ती."

विशाखाने खुर्चीपासून रिसीव्हरपर्यंत टेप धरली. नऊ फूट. दादांना डोळे मिटायला सांगितलं. आवाजाचं बटण शून्यावर नेऊन ती हळूहळू फिरवत गेली. ऐकू आलं की त्यांनी हात वर करायचा. मग ती खुर्चीत बसली आणि दादांनी बटण फिरवलं. दोघांचं तीन तीन वेळा झालं, आणि ज्याचा त्याचा आकडा तिन्ही वेळा तोच आला. तिने वहीत लिहिलं:

दुपारी दोन ते चार. नळ कोरडा. खरखर: नाही. अंतर नऊ फूट. गाणं ऐकू येऊ लागलं: विशाखा, दीडवर. दादा, साडेतीनवर.