सायराकान एजेंचं एक वाक्य

किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावी आमच्या गल्लीत सायराकान एजे, म्हणजे सायराकानताई, सगळ्यांत थोरल्या. मी स्वतः सत्तरीला आलो, तरी त्या मला अरे-तुरेच करतात. सारं गाव मला आगाय म्हणतं, शिक्षकाला म्हणतात तसं, म्हणून तेवढा एक शब्द त्याही पुढे जोडतात. वसंत नुकता लागत होता, रस्त्यात अजून चिखल होता, तेव्हा एक दिवस त्या साईची वाटी घेऊन आल्या आणि माझ्या चुलीजवळ बसल्या.

"अरे आगाय, मला इंग्रजी शिकव."

"सगळी?"

"सगळी घेऊन काय करू? लोणचं घालू? एकच वाक्य दे. पण असं दे, की पोराने ऐकलं की उठून चालायला लागलं पाहिजे."

पोर म्हणजे एर्ताबिल, त्यांच्या इलिमबेकचा थोरला मुलगा. पहिलं नातवंड आजीच्या पदरात घालायचं ही आमच्याकडची रीत, आणि एर्ताबिल पाच वर्षांचा होईपर्यंत एजेंच्याच कुशीत झोपला. त्यांना तो अपा म्हणायचा, म्हणजे आई. जिने जन्म दिला त्या आसिलला झेंगे म्हणायचा, म्हणजे वहिनी. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. निदान कुणी तसं बोललं नाही. पुढे इलिमबेकला आयर्लंडात काम मिळालं आणि कागदोपत्री आई-बाप तेच असल्यामुळे मुलगाही त्यांच्याबरोबर गेला. आता तो दहा वर्षांचा होता आणि किर्गिझ पार विसरला होता.

"इलिमबेक म्हणतो, उन्हाळ्यात पाठवीन, पण त्याच्या मनात असेल तरच," एजे म्हणाल्या. "तिकडे म्हणे पोरांना विचारतात. म्हणतो, तुम्हीच विचारा. आता मी काय त्याला शेळीसारखं ब्यां करून विचारू?"

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. पण ते पुस्तकातलं. प्रत्यक्षात मी चार इंग्रज पाहिले आणि त्यांतले दोन जर्मन निघाले. ज्या भाषेत एक मुलगा खरोखर जगतो आहे, त्या भाषेतलं वाक्य मी बांधून द्यावं, ही माझी लायकी आहे का, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. पण एजेंना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

माझी शिकवायची एकच पद्धत आहे. मुलं खेळतात ती मेंढीच्या घोट्याची हाडं मी टेबलावर मांडतो. एक हाड म्हणजे एक शब्द. क्रियापदाची दोन हाडं मात्र लाल लोकरीने एकत्र बांधलेली असतात, 'टू' आणि 'कम'. एजेंसमोर मी ओळ मांडली. आय. वाँट. यू. मग बांधलेली जोडी. मग सुटी दोन, 'टू' आणि 'मी'.

एजेंनी बोट ठेवलं. "हे दोनदा का? एक बांधलंय, एक मोकळं."

"पहिलं नुसतं निघायचं. दुसरं कुणाकडे पोचायचं ते सांगतं."

"आणि निघणार कोण?"

"जोडीला स्वतःचा माणूस नसतो, एजे. तिच्या आधी ज्याला बसवाल तो निघतो. इथे 'यू' आहे, म्हणून एर्ताबिल निघणार. 'यू' काढून घेतलं, तर तुम्हीच निघाल."

"माझे गुडघे बाजारापर्यंत जात नाहीत. राहू दे त्याला तिथेच." त्यांनी 'यू'चं हाड उचललं, बाहीला पुसलं आणि परत जागेवर ठेवलं.

त्या रोज येऊ लागल्या. गाय दोहून झाली की हात पुसत यायच्या आणि हाडांवरून बोट फिरवत म्हणायच्या. मी ओळीच्या शेपटाला नवी हाडं लावून द्यायचो: उन्हाळ्यात, बाबांबरोबर, शिंगरू बघायला. त्या सगळं म्हणून दाखवायच्या आणि मग शेपूट बाजूला सारायच्या. "एवढं लांबण कशाला? माझ्याकडे ये, बस. शिंगरासाठी आला तर शिंगराचा झाला."

एक दिवस म्हणाल्या, "सुरुवातीला मी कोण ते नको का सांगायला?"

मी 'ग्रँडमदर' सुचवलं.

"ते काय?"

"आजी."

"मी त्याची अपा आहे."

"तिकडे आई एकच असते, एजे."

"इकडेही एकच आहे," त्या म्हणाल्या.

समजावून सांगायला हवं होतं, पण काय सांगणार? त्या घरात तेच खरं होतं. मी 'मदर'चं हाड ठेवलं.

रविवारी दुपारी फोन लावायचं ठरलं. एजेंनी पांढरा धुतलेला रुमाल डोक्याला बांधला होता. बोर्सोक, ते कणकेचे फुगीर तुकडे, तळून आणले होते, जणू पोरगा फोनमधून हात घालून घेणार होता. मी फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला आणि हाडांची ओळ त्यांच्यापुढे मांडली.

इलिमबेक दिसला. "अपा, मी त्याला काही पढवलेलं नाही हं. तो हो म्हणाला तर आजच तिकीट काढतो."

मग मुलगा आला. केस ओले, भांग पाडलेला. चेहरा अगदी एजेंसारखा, रुंद, आणि हनुवटीला तीच खळी. एजे त्याच्याकडे बघतच राहिल्या. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"आय ॲम युअर मदर," त्या म्हणाल्या. "आय वाँट यू टू कम टू मी."

एकही शब्द चुकला नाही. माझ्या इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ वाक्य कुणी बोललं नव्हतं.

मुलाने बाजूला पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. "माझी मम्मी स्वयंपाकघरात आहे," तो इंग्रजीत म्हणाला. मग त्याने मोठ्याने हाक मारली.

आसिल ओले हात झटकत आली. मुलाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"अपा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" तिने फोनजवळ वाकून पाहिलं. "आगाय? तुम्ही आहात ना तिथे? अजून हाडंच मांडता?"

आसिल माझीच विद्यार्थिनी. ती हाडं तिच्याही हातांखालून गेली होती. मी मान हलवली.

"पाच वर्षं हा मला झेंगे म्हणायचा," आसिल म्हणाली. ती ओरडली नाही. "तुमच्या मांडीवर बसून म्हणायचा आणि मी तुमच्यासाठी चहा ओतत असायचे. अपा, मी कधी एक शब्द बोलले?"

"नाही बोललीस," एजे म्हणाल्या.

मुलगा आईची बाही ओढत होता. तो काहीतरी भराभर बोलला. मला अर्धंच कळलं.

"तो विचारतोय, कायमचं जायचं का?" आसिलने डोळे पुसले. "घाबरलाय. अपा, मी अडवणार नाही. खरंच नाही. फक्त त्याला सांगा, एका महिन्यासाठी. एवढंच म्हणा, तो येईल. त्याला घोडे बघायचेत, मला माहितीय. आगाय, द्या ना त्यांना शब्द."

मी पिशवीतून तीन हाडं काढली आणि ओळीच्या शेवटी लावली. "फॉर," मी हळूच म्हटलं. "वन. मंथ. म्हणा, एजे. फॉर वन मंथ."

एजेंनी हाडांकडे पाहिलं. मुलगा वाट बघत होता. आसिल वाट बघत होती. मागे कुठेतरी इलिमबेकही उभा असणार.

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, बोट फिरवत म्हणतील, रोजच्यासारखं. त्यांनी तळवा त्या तीन हाडांवर पालथा ठेवला आणि तसाच राहू दिला.

"अपा," आसिल म्हणाली. "खोटं का होईना, म्हणा."

मुलगा उठून गेला. कुठेतरी टीव्ही लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आसिल म्हणाली, "बरं, ठेवते," आणि पडदा काळा झाला.

मी चहा ओतला. एजेंनी घेतला नाही. बोर्सोक आम्ही दोघांनीही खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दूध काढून झाल्यावर त्या आल्या. बसल्यासुद्धा नाहीत. दारातच उभ्या राहून, चुलीकडे बघत, त्यांनी ते सगळं म्हटलं, शेपटासकट. फॉर वन मंथ. उच्चार अगदी बरोबर होते.

"लाव फोन," त्या म्हणाल्या.

मी लावला. इलिमबेकने घेतला. तो म्हणाला, पोरगा फोनवर यायला तयार नाही, आसिलही त्याला काही म्हणत नाही, आता पुढच्या वर्षी बघू. एजेंनी मला विचारलं, "काय म्हणतो?" तो किर्गिझमध्येच बोलत होता आणि आवाज सबंध खोलीत ऐकू येत होता. तरी त्यांनी मलाच विचारलं.

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

"ते इंग्रजीत कसं म्हणतात?"

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून पाहिलं आणि साईची रिकामी वाटी घेऊन घरी गेल्या.