एका सुरातलं ‘नाही’

दादाने फोन अपडेट केला आणि बाबांची वाचा गेली. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा डॉक्टरांनी घशातल्या गाठीबरोबर आवाजही काढून टाकला, त्याला इलाज नव्हता. दुसऱ्यांदाचं काम मात्र आमच्या थोरल्या बंधुराजांचं होतं. शनिवारी सकाळी मी बाबांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो फोन घेऊन बसले, तेव्हा दादाच्या नावाने जे बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आधी फोनचं सांगते. ऑपरेशन व्हायच्या आधी बाबांनी शेकडो वाक्यं वाचून रेकॉर्ड करून ठेवली. त्यांवरून एक प्रोग्राम त्यांचा आवाज तयार करतो. बाबा टाइप करतात, फोन त्यांच्या आवाजात बोलतो. बाजारातले नेहमीचे फोन हा प्रोग्राम चालू देत नाहीत, म्हणून मी त्यांच्यासाठी लिनक्स नावाच्या खुल्या प्रणालीवर चालणारा फोन आणला. त्याच्या पोटात काय आहे ते उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं. बदलता येतं म्हणजे बिघडवताही येतं, हे दादाला कोण सांगणार. फोन एकदा बादलीत पडला आणि त्याचा स्वतःचा स्पीकर गेला. तेव्हापासून बाबा एक छोटा स्पीकर गळ्यात अडकवतात आणि त्याची वायर इअरफोनच्या भोकात घालतात.

तर दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, दादा गाडी घेऊन येणार होता. बाबांना त्याच्याकडे न्यायला, कायमचं. ‘एकटे कसे राहणार ते,’ म्हणे. मी पलीकडच्याच गल्लीत राहते, मी काय मेले आहे का? बाबांना जायचं नव्हतं. मागच्या खेपेला त्यांनी दादाला तसं सांगितलंही होतं. त्यावर दादा मला फोनवर काय म्हणाला? “अगं, ‘येणार नाही’ म्हणाले, पण अगदी शांतपणे म्हणाले गं. म्हणजे होतील तयार.” त्याच दिवशी त्याने बाबांचा फोन अपडेट केला आणि फोन मुका झाला. आता तर त्याचं फावलंच होतं. बाबांनी नुसती मान हलवली तर म्हणणार, दमलेत. गप्प बसले तर म्हणणार, हरकत नाही. बाबांना त्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायचं होतं, आणि त्यासाठी रविवार उजाडायच्या आत तो फोन बोलायला हवा होता.

बाबा खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं. दुकान बंद केलं तरी चिमटे, भिंगं, बोटाएवढे स्क्रूड्रायव्हर खिडकीत रांगेने मांडलेले असतात. मी विचारलं, “बाबा, नेमकं काय झालं? अपडेट झाल्याझाल्या बंद पडला की नंतर?” त्यांनी दोन्ही हात वर केले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. माणसाची वाचा जाते आणि तो पेपर वाचतो. मला त्यांचाही राग आला.

सगळ्यात आधी मी त्यांच्या आवाजाची फाइल माझ्या लॅपटॉपवर काढून घेतली आणि वाजवून बघितली. आवाज शाबूत होता. म्हणजे गडबड फोनमध्ये. मग मी एका मेमरी कार्डावर नवीन लिनक्स चढवलं आणि फोन त्यावरून सुरू केला. काळा पडदा आणि लाल दिवा. कार्ड पुसलं, पुन्हा चढवलं. पुन्हा लाल दिवा. कार्डच सडकं निघालं. दुसरं कार्ड आणलं, फोन सुरू झाला, सगळं छान, आवाज नाही.

मग म्हटलं, बोलणारा प्रोग्रामच नव्याने बिल्ड करावा. बिल्ड म्हणजे प्रोग्रामच्या लिहिलेल्या मजकुरातून चालणारी वस्तू बनवायची. घाई होती म्हणून लॅपटॉपवर केला, आणि फोनवर नेला तर फोन म्हणतो, ही फाइल मला चालवता येत नाही. कशी येणार? मी गाढवासारखी लॅपटॉपच्या प्रोसेसरसाठी बिल्ड केली होती. रोज ऑफिसात हेच काम करते मी. नव्या मुलांनी ही चूक केली की त्यांना सळो की पळो करते.

म्हणून फोनवरच बिल्ड लावला. तो एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार भाग, नाही म्हणून अडला. ती घातली, तर तिला दुसरी एक हवी होती, नवी. नवी घातली, तर पहिलीला ती चालेना. एवढ्यात फोन असा तापला की स्वतःहून बंद पडला. शेवटी बाबांचा जुना टेबलफॅन ओढून आणला आणि फोनवर सोडला. हाच टेबलफॅन मी मागे भंगारात द्यायला निघाले होते. त्यावरून बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. आता त्याच्याच वाऱ्यात बिल्ड पार पडला. एकही चूक नाही. मी स्पीकरची वायर लावली, टाइप केलं, बटण दाबलं. शुकशुकाट.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दादाला फोन लावला आणि विचारलं, “नेमकं कशाला हात लावलास तू?”

“अगं, काही नाही, आलेलं अपडेट फक्त दाबलं. तू कशाला एवढी चिडतेस? उद्या घेऊन जातोच आहे ना त्यांना. इकडे आले की चांगला फोन घेऊन देऊ.”

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

हा फोन वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक फोरम आहे. तिथे अडचण मांडली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: माझ्याकडे चालतं. हे वाक्य ज्याने शोधून काढलं तो मला एकदा भेटावा, एवढीच इच्छा आहे. मी सगळं सविस्तर लिहिलं. पहिलं उत्तर आलं, माझ्याकडे चालतं. दुसरं, माझ्याकडेही. तिसरं उत्तर ‘खिळा’ असं टोपणनाव लावणाऱ्या कुणाचं तरी होतं. त्याने लिहिलं, “मागचं झाकण काढून खटके बघितले का?”

म्हणजे मी अख्खं लिनक्स नव्याने चढवलं, बिल्ड केला, आणि हा मला विचारतो की बटण चालू आहे का. मी लिहिलं, “खटके आपोआप हलत नसतात.”

त्याने लिहिलं, “म्हणूनच विचारलं.”

या फोनच्या झाकणाखाली बारीक खटक्यांची एक रांग आहे. एक माइकचा, एक कॅमेऱ्याचा, असे. फोन आणला तेव्हा मीच बाबांना प्रत्येक खटका समजावून सांगितला होता आणि ते भलतेच खूश झाले होते. त्यांतला एक इअरफोनच्या भोकाचा आहे. तो एका बाजूला असला की भोकातून आवाज येतो. दुसऱ्या बाजूला केला की आवाज बंद, आणि त्याच भोकातून आमच्यासारख्यांना यंत्राचे अंतर्गत संदेश वाचता येतात. मी रागारागात झाकण काढलं. तो खटका उलटा होता.

बोटाने हलत नाही तो, नखानेही नाही. टोकदार काहीतरी लागतं आणि हात स्थिर लागतो. खटक्याशेजारी केसाएवढा एकच ओरखडा होता. दादाने हे केलं असतं तर तिथे नांगरणी झाली असती. मी खिडकीतल्या चिमट्यांकडे बघितलं. मग बाबांकडे.

म्हणजे दादाच्या अपडेटने काहीच बिघडलं नव्हतं. सकाळपासून त्याला घातलेल्या सगळ्या शिव्या फुकट गेल्या, आणि मला त्याचाही राग आला.

मी चिमट्याने खटका सरळ केला, स्पीकर बाबांच्या गळ्यात अडकवला, फोन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि हातातला पेपर काढून घेतला. “बाबा, हे तुम्ही केलंत?”

त्यांनी टाइप केलं. गळ्यातला स्पीकर म्हणाला, “हो.”

“मी सकाळपासून इथे डोकं फोडून घेतेय आणि तुम्ही पेपर वाचताय? का केलंत?”

ते बराच वेळ टाइप करत होते. बोटं बटणांवर आपटत होती. ओठ आवळलेले, मान लाल झालेली. मग फोन बोलला, अगदी निवांत, पाहुण्याला पाणी हवंय का विचारावं तसा: “मी त्याला म्हणालो, चालता हो माझ्या घरातून.”

मला हसू आलं. खरंच आलं, आणि बाबांनी ते बघितलं.

“हे असं ऐकू आलं त्याला,” फोन त्याच सुरात म्हणाला. “त्याने माझा खांदा थोपटला.”

माझं हसू जागच्या जागी मेलं. रेकॉर्डिंगच्या वेळी प्रोग्रामची अटच होती, सगळी वाक्यं एकाच सुरात वाचा, भावना नकोत. आणि घड्याळ पाण्यात बुडवून आणणाऱ्या गिऱ्हाइकाला रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं झापणाऱ्या माझ्या बापाने, आवाज वाचावा म्हणून, ती सगळी वाक्यं गरीब गाईसारखी वाचली होती. प्रोग्राम तेवढंच शिकला.

“हा मी नाही,” फोन म्हणाला. “कुणीतरी भला माणूस आहे. त्यापेक्षा मुका बरा.”

मला दादाचा राग आला होता, तो फोनचा झाला, मग प्रोग्रामचा, आणि आता ज्याच्यावर काढावा असं कुणी समोर उरलंच नव्हतं. बिल्ड करून राग येत नाही. तशी लायब्ररी कुणी लिहिलेली नाही.

मग माझं लक्ष माझ्या स्वतःच्या फोनकडे गेलं. ऑपरेशनच्या आधी बाबांना टाइप करायचा कंटाळा असायचा, ते बोलूनच निरोप पाठवायचे. मी आळशी, कधी काही पुसत नाही. वर वर सरकवत गेले आणि एक वाजवला.

“अगं, फोन उचल. मी काय भिंतीशी बोलतोय? उचलायचा नसेल तर ठेवलायस कशाला, शोभेला?”

खोली दणाणली. बाबा खुर्चीत ताठ झाले. मी दुसरा वाजवला, तिसरा वाजवला. सगळ्यांत ते ओरडत होते, कुणावर ना कुणावर, बहुतेक माझ्यावरच. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बाबांनी हाताने खूण केली, पुढचा लाव.

त्यातले तुकडे कापून मी त्यांच्या फोनवर ठेवले आणि पडद्यावर त्यांची मोठाली बटणं केली. बाबांनी एकेक ऐकून स्वतः निवडली.

रविवारी दादा आला. समजूतदार चेहरा घेऊनच आला. बाबांसमोर बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, खोली कशी तयार आहे, ऊन कसं येतं. बाबा ऐकत होते. ते टाइप करत नव्हते. बॅग दादाने मागच्याच खेपेला भरून दाराशी ठेवलेली होती. “चला, म्हणजे फार ऊन व्हायच्या आत पोचू,” असं म्हणत तो उठला आणि बॅगेकडे वाकला.

बाबांनी बटण दाबलं.

“नाही म्हणजे नाही! हात लावशील तर बघ. एकदा सांगून कळत नाही?”

मागे टेबलफॅनची घरघरही ऐकू येत होती. त्या निरोपात ते त्या फॅनवरूनच माझ्यावर ओरडले होते, पण दादाला ते कळायचं कारण नव्हतं. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. लहानपणी घड्याळाची काच फोडल्यावर त्याचा व्हायचा तसा चेहरा झाला.

“बाबा,” तो म्हणाला, “ओरडताय कशाला?”

ऑपरेशन झाल्यापासून बाबांना हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग गळ्यातल्या स्पीकरचा आवाज पुरा वाढवला आणि तेच बटण पुन्हा दाबलं.